पट्टा

उजाडाच्या आधी टाच जागी होते.
मी खाटेवरून पाय खाली सोडतो,
फरशीले म्हणतो, हळू बाई.
ऐकत नाई.
पहिल्या पावलाले कोणी तरी
आतून वस्तरा ओढते.
मग भिंत धरून दहा पावलं,
मोरीपाशी येईतो माणसात येतो.

तीस वर्षं झाली, खुर्ची माही आहे
पण बसतात लोक.
सकाळी सातपासून दिवे लागेपर्यंत
तिच्याभोवती इतका फिरलो
की सिमेंटात खळगा पडला.
पाणी सांडलं की तथीच जमते.

तोंडाले साबण लागला का गिऱ्हाईक वैद्य होते.
ढगे गुरुजी म्हणे, हाड वाढलं.
मडावीनं सांगतलं, विटकर तापव,
वर रुईचं पान, पानावर टाच.
तेही केलं.
टाचीले फोड आला, दुखणं तसंच.
एकाचे दोन झाले.

आर्वीच्या दवाखान्यात बुधवारी
निकहत मॅडम येते, माह्या पोरीच्या वयाची.
तिनं तळव्यावर अंगठा दाबला
बरोबर तथीच,
मी माह्या मायचं नाव घेतलं.
म्हणे, काका, टाचीपासून बोटापर्यंत
एक पट्टा असते. रात्री आखडते.
सकाळी तुम्ही उभे राहता तं उसवते.
रोज जुळते थोडा, रोज उसवते.

मले हसू आलं.
पट्टा मले नका शिकवू, मॅडम.
बाबाचा वस्तऱ्याचा पट्टा
अजून दुकानात खिळ्याले टांगून आहे.
ब्लेडं आल्यापासून त्याले कोणी हात लावत नाई,
पण सुकला का तडकते,
तेल अन ताण नसला तं मऊ राहत नाई,
हे मले सातवीपासून माहीत आहे.
फक्त तो माह्याच पायात आहे
हे कोणी सांगतलं नव्हतं.

मग चालू झालं.
उठाच्या आधी खाटेवरच
शकुनच्या जुन्या लुगड्याचा काठ पंजाले अडकवून
आपल्याकडे ओढाचा, तीस मोजेपर्यंत.
दुकानासमोर भिंतीले हात,
मागचा पाय ताठ, टाच टेकलेली.
पोट्टे म्हणत, काका दुकान सरकवून राह्यले.
थंड्याच्या बाटलीत पाणी भरून
सलीमच्या फ्रीजरात ठेवली, कांडीच्या बाजूले,
वर लिहिलं: पायाची आहे, पिऊ नका.
संध्याकाळी तळव्याखाली फिरवली
का आतला बर्फ कडकडे.
अनवाणी अजिबात नाई.
घरात चप्पल, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत चप्पल.
शकुन चार दिवस बोलली नाई.

अन स्टूल. उंच, सुताराकडून केलेलं.
बसून दाढी कराले हातच बसेना.
पण खालून पाह्यलं तं
गावची सगळी तोंडं येगळी.
गुरुजीच्या हनवटीखाली एक तीळ आहे,
तीस वर्षांत दिसला नव्हता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी
बैलाचे खांदे शेकून अख्खं गाव दाढीले आलं.
स्टूल गर्दीत आडवं येई, बाहेर काढलं.
रात्री दहापर्यंत उभा.
पोळ्याच्या सकाळी फरशी पुन्हा चावली,
जुनी ओळख असल्यावाणी.
तोरणाखाली बैल फुटले तेव्हा
मी ओट्यावर बसून होतो, पायाखाली बाटली.
मॅडमले फोन केला. म्हणे,
पहिल्यापासून नाई काका,
जथी सोडलं तथून धरा.

परवा बकरीनं दोर तोडला.
मी आंगणातून सुटलो, नळापर्यंत,
धरली, आणली, बांधली,
अन मग ध्यानात आलं
का आज भिंत धरलीच नाई.
भीत भीत खाली पाह्यलं.
फरशी चूप.

दुकान उघडल्यावर बाबाचा पट्टा उतरवला,
खोबरेल लावलं, दोन्ही अंगानं.
कामाचा नाई तो. तडकू नाई म्हणून.
बाटली अजून सलीमकडेच आहे.
राहू दे.